संशोधनाचे पोस्टर : वारंवार येणारे प्रश्न

परिषदांतल्या पोस्टर-सत्रांचा (संशोधक आपले काम भिंतीवरच्या मोठ्या कागदावर मांडून समजावतात त्या सत्रांचा) हंगाम जवळ आला की त्याच त्या शंका पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : पोस्टरचा आकार किती ठेवावा?

आयोजकांच्या सूचनापत्रात दिला असेल तोच. तेथे तो मोघम असेल, तर आकार आणि पोस्टर उभे की आडवे, हे दोन्ही त्यांना लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : ए-झिरो पोस्टरवर २४ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको, असे वाचले. पण मग मजकूर मावत नाही.

मग मजकूर कमी करावा, अक्षर नव्हे. ए-झिरो कागदाची लांबी आणि रुंदी ए-फोरच्या चौपट असते, त्यामुळे २४ पॉइंटचे अक्षर ए-फोरवर ६ पॉइंटचे होते. संपूर्ण पोस्टर ए-फोरवर छापून हातभर अंतरावर धरावे. जे तेथे वाचता येत नाही, ते भिंतीवरही दोन मीटरवरून वाचता येणार नाही.

प्रश्न : माझे काम बेअरिंगच्या कंपनांवर आहे. सिनियर म्हणतात, शोधनिबंधातला गोषवारा आणि आलेख जसेच्या तसे लावले तरी चालतात. सत्राला मात्र सर्व शाखांचे अभियंते येणार आहेत.

चालत नाही, आणि हा ऐकीव सल्ला दरवर्षी चांगल्या कामाचे नुकसान करतो. शोधनिबंध वाचणारा बसून वाचतो, अडले तर मागचे पान उलटतो. पोस्टरसमोरचा माणूस उभा असतो आणि थांबायचे की पुढे जायचे हे काही क्षणांत ठरवतो. तुमच्या आलेखाच्या उभ्या अक्षावर नुसते ‘कर्टोसिस’ लिहिलेले असेल, तर स्थापत्य अभियंत्याला त्यातून काहीच कळणार नाही. त्याखाली ‘कंपनांत अधूनमधून उसळणाऱ्या ठोक्यांचे माप’ असे लिहा, ३ या मूल्यावर आडवी रेष ओढून तिच्यावर ‘निर्दोष बेअरिंग साधारण येथे’ असे नोंदवा, आणि बिघाड वाढत गेल्यावर हे मूल्य चढून पुन्हा खाली येऊ शकते हेही दाखवा, नाहीतर खाली आलेली रेषा पाहून वाचक बेअरिंग सुधारले असे समजेल. वक्रांची नावे कोपऱ्यातल्या चौकटीत न ठेवता प्रत्येक वक्राशेजारी लिहावीत. लाल आणि हिरव्या रंगांतला फरक अनेकांना दिसत नाही, म्हणून निळा व नारिंगी घ्यावा आणि एक रेषा तुटक ठेवावी. त्रुटिदर्शक रेषा (एरर बार) प्रमाण विचलनाच्या, म्हणजे मापने किती विखुरली आहेत हे दाखवणाऱ्या, आहेत की प्रमाण त्रुटीच्या, म्हणजे सरासरी किती अनिश्चित आहे हे दाखवणाऱ्या, आणि चाचण्या किती केल्या, हे लिहिलेच पाहिजे. येथे जराही शंका असेल तर संख्याशास्त्रज्ञाला विचारावे. शीर्षकात पद्धतीच्या नावाऐवजी निष्कर्ष यावा. शेवटी, तुमच्या प्रयोगशाळेबाहेरच्या, दुसऱ्या शाखेच्या एखाद्या व्यक्तीला पोस्टर दाखवून ‘यातून काय सिद्ध झाले?’ असे विचारा, आणि उत्तर चुकले तर पोस्टर बदला.

प्रश्न : संकेतस्थळावरून घेतलेले चित्र छपाईवाले जादा पैसे घेऊन ‘एचडी’ करून देतो म्हणतात. द्यावे का?

देऊ नयेत. ६०० पिक्सेल रुंदीचे चित्र ३० सेंटिमीटरवर ताणले की इंचाला जेमतेम ५० पिक्सेल उरतात, आणि पोस्टरला निदान १५० तरी हवेत. सॉफ्टवेअर मधली जागा अंदाजाने भरते. सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रात असा अंदाज म्हणजे न केलेले मापन दाखवणे होय. मूळ फाइल चित्रकर्त्याकडे मागावी, त्याच वेळी वापरण्याची परवानगीही घ्यावी, आणि स्वतःचे आलेख मूळ प्रोग्राममधून पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात (यांत रेषा कितीही मोठ्या केल्या तरी स्पष्ट राहतात) पुन्हा काढावेत.

प्रश्न : क्यूआर कोड लावला की तपशील गाळता येईल का?

पूरक तपशील गाळता येईल, निष्कर्ष नाही. छापण्यापूर्वी कोड दोन वेगवेगळ्या फोनवर तपासावा.

प्रश्न : पोस्टर परवा लावायचे आहे आणि मार्गदर्शक प्रवासात आहेत. त्यांना न दाखवता छापू का?

छापू नका. पोस्टरवर त्यांचे आणि सर्व सहलेखकांचे नाव आहे, आणि त्यांनी न पाहिलेला आकडा त्यांच्या नावावर जाणे गैर आहे. पीडीएफ आजच पाठवा, फोनवर संमती घ्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबायला तयार आहोत हे आयोजकांना कळवून मुदतीबद्दल विचारा. पुढच्या वेळी पहिला मसुदा किमान दोन आठवडे आधी त्यांच्या हातात असू द्या.