पडद्यामागचं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही कॉलेजच्या स्पर्धेसाठी एकांकिका लिहितोय. त्यात चार प्रवेश झालेत. मित्र म्हणतो आता ही चार अंकी झाली. खरंय का?

उत्तर: छे हो, मित्राला गप्प बसवा. अंक म्हणजे नाटकाचा मोठा तुकडा, तो संपला की पडदा पडतो आणि बहुतेक वेळा लोक चहा-वड्याला बाहेर जातात. प्रवेश त्याच्या पोटात असतो, जागा बदलली किंवा मधे काळ गेला की नवा प्रवेश. म्हणून प्रवेश चार असोत नाहीतर सहा, अंक एकच असेल तर ती एकांकिकाच. किती अंक हवेत हे मात्र काळाप्रमाणे बदलत गेलंय. 1882 चं संगीत सौभद्र पाच अंकी, 1919 चं एकच प्यालाही पाच अंकी, तेव्हा पदं रंगायची, वन्समोअर पडायचे आणि प्रयोग रात्रभर चालायचे. पुढे तीन अंक रूढ झाले, 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक तीन अंकीच आहे, आणि आता दोन अंक आणि एक मध्यंतर, कारण शेवटची लोकल सगळ्यांनाच गाठायची असते.

पूर्वी जागा बदलायला रंगवलेले पडदे असत, स्टेजच्या पुढच्या भागात रस्ता रंगवलेला पडदा खाली सोडून त्याच्यासमोर दोन पात्रं बोलत राहायची आणि तेवढ्यात मागे राजवाडा उभा व्हायचा. मग नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या प्रभावाने अख्खा अंक एकाच जागी घडवायची पद्धत आली, त्याला एकप्रवेशी अंक म्हणतात. तुम्ही आता पडद्याच्या जागी ब्लॅकआऊट टाकणार, म्हणजे दिवे घालवून अंधार करणार, पण जरा जपून, चार प्रवेशांना तीन ब्लॅकआऊट म्हणजे अंधारात टेबल सरकवल्याचे आवाज तीनदा, आणि स्पर्धेचं घड्याळ काही थांबत नाही. दोन प्रवेश जोडता आले तर जोडाच.

प्रश्न: स्वगत आणि जनांतिक एकच का?

उत्तर: नाही. स्वगत म्हणजे पात्र स्वतःशी बोलतं, स्टेजवरच्या बाकीच्यांना ते ऐकू येत नाही असं आपण धरून चालायचं. नटसम्राटमधली आप्पांची स्वगतं तर पाठ असलेली माणसं घरोघरी सापडतील. जनांतिकात गर्दीत एकालाच बाजूला घेऊन सांगितलेलं असतं, बाकीच्यांना ऐकू जात नाही. संस्कृत नाटकात त्यासाठी त्रिपताक हस्ताची खूण होती, म्हणजे अनामिका वाकवून बाकी बोटं सरळ, तो हात आड धरून बोलायचं. आज नुसती मान वळवली तरी पब्लिकला कळतं.

प्रश्न: दिग्दर्शक 'उजव्या विंगेतून ये' म्हणतात, उजवी कुणाची?

उत्तर: प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. पण काही ग्रुपमधे दिग्दर्शक खुर्चीत बसून स्वतःची उजवी सांगतो आणि मग तालमीत दोन पात्रं एकमेकांवर आदळतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि संहितेत पेन्सिलने लिहून ठेवा.