दुकानातला कॅमेरा घरून का दिसत नाही?

प्रश्न : सियागंजात माझं किराणा मालाचं दुकान आहे. चार कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा एक डीव्हीआर बसवलाय. पूर्वी लोकमान्य नगरच्या घरी बसून मोबाइलवर दुकान दिसायचं. इंटरनेटची कंपनी बदलली आणि ते बंद झालं. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी राउटरने डीव्हीआरकडे पाठवायची सेटिंग, पुन्हा करून पाहिलं, उपयोग नाही. कॅमेरेवाला म्हणतो, स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा स्वतंत्र पत्ता) घ्या, दरमहा पैसे भरा. घ्यावा का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : काका, पैसे भरण्याआधी एक तपासणी करा. दुकानातल्या राउटरचं पान उघडा, बहुधा १९२.१६८.१.१ टाकल्यावर उघडेल. तिथे 'वॅन' (बाहेरची जोडणी) खाली जो आयपी दिसतो, तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा पहिल्या टिंबाआधी फक्त १० असलेला असेल, तर दोष डीव्हीआरचाही नाही आणि तुमच्या फॉरवर्डिंगचाही नाही. नव्या कंपनीने तुमच्या दुकानाला इंटरनेटवर स्वतंत्र पत्ताच दिलेला नाही.

याला कारण आहे. १९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही४ या पत्त्यांच्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभरात मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. पुढच्या वर्षी १००.६४ चा पट्टा खास कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. आता शेकडो ग्राहक एकाच खऱ्या पत्त्यामागे बसतात. याला सीजीनॅट म्हणतात.

तुमच्या दुकानातून पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, बाहेर निघालं की कंपनीचं यंत्र त्यावरचा पत्ता आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) बदलतं आणि ते आपल्या तक्त्यात नोंदवतं. उत्तर आलं की नोंद बघून ते परत तुमच्याकडे धाडतं. पण घरून तुम्ही कॅमेरा उघडता तेव्हा पॅकेट आधी त्या यंत्रापाशी येतं. तक्त्यात त्याची नोंदच नसते, म्हणून ते तिथेच टाकून दिलं जातं. तुम्ही फॉरवर्डिंग केलंत ते तुमच्या राउटरवर, आणि अडवणूक होतेय त्याच्या एक पाऊल आधी, जिथे तुमचा हात पोचत नाही.

मी इंदुरात हेच काम करते, आणि माझं स्पष्ट मत आहे की फक्त दुकान बघायला स्टॅटिक आयपी घेऊ नका. डीव्हीआरच्या मेनूत पी२पी चालू करा आणि क्यूआर कोड मोबाइल अॅपमध्ये स्कॅन करा. यात डीव्हीआर स्वतःच बाहेर सर्व्हरशी जोडणी करून ठेवतो, त्यामुळे नोंद आधीच तयार असते. सर्व्हर मोबाइलची आणि डीव्हीआरची थेट गाठ घालून देतो. ते जमलं नाही, तर चित्र डीव्हीआरच्या कंपनीच्या डेटा सेंटरमधून फिरून येतं.

ते डेटा सेंटर कुठे आहे, याने फरक पडतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंत ६०० किलोमीटर फायबर धरली, तर जाऊन येऊन ६ मिलिसेकंद. सिंगापूरला त्याच्या कितीतरी पट. घरी संगणकावर ट्रेसर्ट ही पॅकेटची वाट दाखवणारी कमांड चालवून बघा, मला तर अजूनही ते बघायला आवडतं. एकेक ओळ म्हणजे वाटेतला एकेक राउटर. त्यातल्या कुणालाही पूर्ण रस्ता माहीत नसतो, प्रत्येक जण फक्त पुढचा टप्पा ठरवतो. कंपन्याकंपन्यांमधले रस्ते बीजीपी या त्यांच्या राउटरांच्या आपसातल्या भाषेने ठरतात, आणि तिथे अंतरापेक्षा आपसातले करार मोठे. म्हणून सियागंज ते लोकमान्य नगर हा शहरातला प्रवाससुद्धा, दोन्हीकडे वेगळ्या कंपन्या असल्या, तर मुंबईमार्गे होऊ शकतो.

नव्या कंपनीला आयपीव्ही६ देता का, हेही विचारा. त्यात पत्ता १२८ बिटांचा, वाटून घ्यायची गरजच नाही. मात्र जेल रोडवरून आणलेल्या जुन्या डीव्हीआरला तो कळेलच असं नाही, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट मोकळी करावी लागते.

दुकानात बिलिंगचा सर्व्हर ठेवून तो बाहेरून वापरायचा असेल, तर मात्र स्टॅटिक आयपी घ्या आणि आत शिरायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी कुलूपबंद वाटच वापरा. डीव्हीआरचं पोर्ट उघडं टाकू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने फॅक्टरी पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. तेव्हा पी२पी चालू करण्याआधी तुमचा पासवर्ड बदला, आणि तो कॅमेरेवाल्याला माहीत असलेला नको.