वाचकांचे प्रश्न : औषध लागू पडलं, मग किडनी का बिघडली?

प्रश्न : वडिलांना लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) झालाय, खूप वेगाने वाढणारा. पहिली केमो दिली तर दुसऱ्याच दिवशी मानेची गाठ हाताला लहान लागायला लागली, आम्ही सगळे खूश, आणि तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ घटक) वाढलं, डायलिसिस करायला लागलं. डॉक्टर म्हणतात औषध जोरात लागू पडलं म्हणून असं झालं. आमची नुसती समजूत काढतायत का?

उत्तर : रिपोर्ट न बघता ठामपणे काही सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते सगळं ट्युमर लायसिस सिंड्रोमशी जुळतंय आणि तसं असेल तर डॉक्टर खरं तेच सांगतायत. होतं काय की वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी औषधाने एकदम, लाखो-करोडोंच्या संख्येने फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम, फॉस्फेट सगळं रक्तात येतं, डीएनएचं विघटन होऊन युरिक ॲसिड वाढतं. युरिक ॲसिडचे खडे किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये अडकतात, फॉस्फेट रक्तातल्या कॅल्शियमला धरून बसतं म्हणून कॅल्शियम उतरतं, हातापायाला मुंग्या येतात, गोळे येतात. पण सगळ्यात भीती पोटॅशियमची, ते 6 च्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून तर सारखा ईसीजी काढतात. बहुतेक वेळा हे सगळं केमोनंतर 12 ते 72 तासांत होतं. बर्किट लिम्फोमा आणि लहान मुलांमधला ॲक्यूट ल्युकेमिया यात जास्त दिसतं, एरवी बहुतेक कॅन्सरमध्ये क्वचितच.

हे टाळायला केमोच्या आधीपासून भरपूर सलाईन आणि युरिक ॲसिड तयार होऊ न देणारं ॲलोप्युरिनॉल देतात, धोका जास्त असेल तर रॅसब्युरिकेज. हे दुसरं औषध तयार झालेलं युरिक ॲसिडच तोडतं, इतकं भराभर की रक्त काढून ट्यूबमध्ये भरलं तरी आत ते काम चालूच राहतं, म्हणून सॅम्पल बर्फात ठेवून लॅबला पाठवावं लागतं, नाहीतर रिपोर्ट खोटा कमी येतो. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना मात्र हे औषध चालत नाही, लाल पेशी फुटायला लागतात. एवढी सगळी तयारी करूनही काही पेशंटना डायलिसिस लागतंच, म्हणून ते लागलं म्हणजे कोणाचा तरी हलगर्जीपणा झाला असं लगेच धरू नका. पुष्कळ जणांची किडनी त्यातून सावरते. पुढच्या केमोच्या आधी दोन गोष्टी मात्र जरूर विचारा, धोका आता किती उरलाय आणि पोटॅशियम, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन किती-किती तासांनी तपासणार. गाठींचा भार कमी झाला की धोकाही बहुतेक कमी होतो. हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका, तुमचा तो हक्क आहे.

प्रश्न : आईचा ब्रेस्ट कॅन्सर हाडांत गेलाय, दर महिन्याला झोलेड्रोनिक ॲसिड चालू आहे. दाढ दुखतेय, डेंटिस्ट म्हणतात काढून टाकू. त्यांना या औषधाचं काही सांगितलेलं नाही, सांगायला पाहिजे का?

उत्तर : हो, आणि दाढ काढायच्या आधीच सांगा. हे औषध हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतं, मणका वगैरे मोडू नये म्हणून ते हवंच आहे, पण जबड्याचं हाड सतत झिजत-भरत असतं, वर पातळ हिरडी आणि तोंडात जंतू, त्यामुळे दाढ काढलेली जखम कधीकधी भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. 8 आठवडे उलटूनही हाड दिसत राहिलं तर त्याला जबड्याचं ऑस्टिओनेक्रोसिस, म्हणजे हाड मरणं, म्हणतात. 2003 मध्ये हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं, पण 19व्या शतकात काड्यापेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या मजुरांचे जबडे जवळपास असेच सडायचे. ठिसूळ हाडांसाठी वर्षातून एकदा हे औषध घेणाऱ्यांना हा त्रास फारच क्वचित होतो, कॅन्सरच्या डोसमध्ये धोका बराच जास्त, तरी बहुतेकांना होत नाही.

पण म्हणून दाढ तशीच सडत ठेवू नका, इन्फेक्शननेही हाच त्रास होऊ शकतो. रूट कॅनाल करून दाढ वाचते का ते बघायला सांगा आणि डेंटिस्ट आणि ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. औषध मनाने बंद करू नका, ते हाडात वर्षानुवर्षं राहतं, एखादा डोस चुकवून अंगातून जाणार नाही.

प्रश्न : रिटुक्सिमॅब (लिम्फोमासारख्या आजारांत देतात ते औषध) सुरू करणार आहेत. 20 वर्षांपूर्वी कावीळ झाली होती, आता काही त्रास नाही. सांगायची गरज आहे का?

उत्तर : आजच सांगा. ती हिपॅटायटिस बी असेल तर विषाणू लिव्हरमध्ये झोपून राहिलेला असू शकतो आणि रिटुक्सिमॅबने प्रतिकारशक्ती दबली की परत उठतो, कधीकधी उपचार संपल्यावर कित्येक महिन्यांनी. एचबीएसएजी (विषाणू आत्ता अंगात आहे का ते दाखवणारी) आणि अँटी-एचबीसी (पूर्वी कधी लागण झाली होती का ते दाखवणारी) दोन्ही टेस्ट पाहिजेत, नुसती पहिली निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. पॉझिटिव्ह आली तरी रिटुक्सिमॅब घेता येतं, बरोबर विषाणूला दाबून ठेवणारी एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची गोळी देतात आणि ती शेवटच्या डोसनंतरही निदान वर्षभर चालू ठेवायची असते.