तुम्ही विचारा : अनाथाश्रमाला पैसे पाठवू का?

प्रश्न : ताई, आम्ही चौघी मैत्रिणी पुढच्या महिन्यात नेपाळला चाललोय. काठमांडूत एका अनाथाश्रमात आठवडाभर मुलांना इंग्लिश शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं आणि परत आल्यावर दर महिन्याला थोडे पैसे पाठवायचे असा प्लॅन आहे. मुलांचे फोटो बघून रडूच आलं. नवरा म्हणतो आधी चौकशी कर. कसली चौकशी करू?

उत्तर : अगं, या वेळी तरी नवऱ्याचं ऐक. अनाथाश्रमातली मुलं अनाथच असतात असं नाही, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मलाही धक्का बसला होता. नेपाळमध्ये 1996 ते 2006 माओवादी युद्ध चाललं, तेव्हा हुमलासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यात एजंट यायचे, पोराला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो म्हणून आईबापांकडूनच पैसे घ्यायचे, आणि तेही द्यायचे, कारण पोरगं माओवाद्यांनी उचलून नेण्यापेक्षा शिकलेलं बरं ना, आणि मग इकडे कागदोपत्री तेच पोरगं अनाथ! आई तिकडे गावात वाट बघतेय. युद्ध संपलं, धंदा नाही संपला, कारण गिऱ्हाईक आपणच. कंबोडियातही तेच, तिथल्या 2011 च्या पाहणीत आश्रमातल्या चारपैकी साधारण तीन मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. ऑस्ट्रेलियाने तर 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा या प्रकाराचीही दखल घेतली.

सगळेच आश्रम लबाड असतात असं मी म्हणत नाहीये. पण विचार ना त्यांना, या मुलांचे नातेवाईक शोधले का, ते भेटायला येऊ शकतात का, किती मुलं घरी परत गेली. आणि कोणीही ओळखपाळख नसताना आलं तरी थेट मुलांमध्ये सोडतात का? तुम्हाला सोडणार असतील तर तिथेच थांबा, उद्या कुठल्याही माणसाला सोडतील.

राहता राहिला तुमचा आठवडा. मुलं गळ्यात पडतील, तुम्ही निघून याल, पुढच्या सोमवारी दुसऱ्या चौघी. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कू गेल्यावर हजारो मुलं आश्रमांत सापडली होती, पुढे 2000 पासून बुखारेस्टमध्ये 136 मुलांचा अभ्यास झाला, त्यातली जी सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात (फॉस्टर फॅमिलीत) गेली त्यांचा बुद्ध्यांकसुद्धा आश्रमात राहिलेल्यांपेक्षा सरस निघाला, आणि जितकी लवकर गेली तितका फायदा जास्त. लेकराला आपलं एक माणूस लागतं गं, पाहुणे नाही. म्हणून पैसे द्यायचेच तर मुलांना घरी पोचवणाऱ्या, किंवा घरी राहूनच शाळा शिकता यावी म्हणून आईबापांना हात देणाऱ्या संस्थेला द्या. नेपाळ मात्र मस्त फिरून या.

प्रश्न : आमचा ऑफिस ग्रुप केनियातल्या एका शाळेला इंग्लिश पुस्तकं पाठवतोय. चांगलं आहे ना?

उत्तर : शाळेने मागितली असतील तर चांगलं. नाहीतर मायकेल क्रेमर, ज्यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केनियातच हे तपासलं होतं. पाठ्यपुस्तकं वाटली तर आधीच हुशार असलेल्या मुलांनाच फायदा झाला, कारण पुस्तकं इंग्लिशमध्ये आणि बऱ्याच जणांची ती तिसरी भाषा, वाचता तर यायला पाहिजे! उलट त्याच भागात जंताच्या गोळ्या दिल्या, अगदी स्वस्त काम, तर शाळेतली गैरहजेरी साधारण पाव हिश्श्याने कमी झाली. नंतर त्या आकड्यांवरून अभ्यासकांची बरीच भांडणं झाली ते सोडा, पण गोळी काय आणि पुस्तक काय, तिथल्या हेडमास्तरांना फोन लावून विचारायला काय हरकत आहे? आणि खोके पाठवायचा खर्च आधी काढा, बऱ्याचदा तेवढ्यात तिथेच मुलांच्या भाषेतली पुस्तकं येतात.

प्रश्न : मदत केलेल्या मुलांसोबतचे फोटो स्टेटसला टाकले तर चालतील?

उत्तर : नाही. तुमच्या पोराचा टाकू देता का कोणाला?