सीटी स्कॅनच्या फिल्मवर दाणे दिसतात म्हणजे मशीन खराब आहे का?

आपण विचारले आहे की, वडिलांच्या मेंदूच्या सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरल्यावर चित्र रांगोळी भुरभुरल्यासारखे दाणेदार दिसते, तर मशीन जुने असेल का आणि किरणांची मात्रा वाढवून स्वच्छ चित्र का काढले नाही. मी सीटी विभागात तंत्रज्ञ आहे. अनेक नातेवाईक हीच शंका घेऊन येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सीटीचे चित्र हा फोटो नसून हिशेब असतो. क्ष-किरणांची नळी डोक्याभोवती फिरते, समोरचे डिटेक्टर प्रत्येक कोनातून किती किरण पार झाले ते मोजतात, आणि त्या लाखो मोजमापांवरून संगणक चित्रातल्या प्रत्येक बारीक चौकोनाला एक आकडा देतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४०, पांढरा भाग २५ ते ३०, तर ताजे साकळलेले रक्त ५० ते ८०. या मोजपट्टीला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये निघाले, तेव्हा ते अवघे ८० गुणिले ८० चौकोनांचे होते. आज सर्वसाधारणपणे ५१२ गुणिले ५१२ चौकोन असतात.

आता दाण्यांविषयी. पावसाची पहिली सर अंगणातल्या फरश्यांवर पडते तेव्हा एका फरशीवर दहा थेंब दिसतात, तर शेजारच्या फरशीवर सहाच. किरणकणांचेही तसेच आहे. डिटेक्टरच्या एका घरात १०,००० कण पोहोचणार असतील, तर मोजणीत शंभरेक कणांचा, म्हणजे १ टक्क्याचा, चढउतार होणारच. तो निम्मा करायचा तर ४०,००० कण हवेत. थोडक्यात, दाणे निम्मे करण्यासाठी किरणांची मात्रा चौपट करावी लागते. डोक्याच्या एका स्कॅनमध्ये सुमारे २ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, जवळजवळ निसर्गातून वर्षभरात मिळते तेवढी. केवळ चित्र देखणे व्हावे म्हणून ती ८ करणे मला तरी योग्य वाटत नाही. स्लाइसच्या, म्हणजे एका चित्रात दिसणाऱ्या डोक्याच्या आडव्या कापाच्या, जाडीलाही हाच नियम लागू होतो: ५ मिलिमीटरची स्लाइस सव्वा मिलिमीटरची केली, तर बारकावे वाढतात, पण त्याच मात्रेत दाणे दुप्पट होतात.

मेंदूच्याच चित्रात हे दाणे इतके का डोळ्यांत भरतात, हे समजून घेण्यासारखे आहे. करड्या आणि पांढऱ्या भागांत फरक जेमतेम दहा एककांचा असतो. तो दिसावा म्हणून आम्ही शून्य ते ८० एवढाच अरुंद पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणतो. याला विंडो म्हणतात. चार एककांचा चढउतारही या विंडोत स्पष्ट दिसतो. फुप्फुसांसाठी विंडो १५०० एककांची ठेवतात, तिथे तेवढाच चढउतार दिसतसुद्धा नाही. म्हणजे जी ताणणी दाणे दाखवते, तीच रक्तस्रावही दाखवते.

खरी काळजी करावी असे दोष वेगळे असतात. रुग्णाने मान हलवली तर कवटीच्या कडा दुहेरी दिसतात. कानामागच्या जाड हाडांमधून जाताना कमी ऊर्जेचे किरण आधीच गळून पडतात आणि दोन्ही हाडांच्या मधोमध एक काळपट पट्टा उमटतो. नेमके तिथेच मेंदूचे खोड, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग, असल्याने त्या जागेचे निदान सीटीवर नेहमीच जपून करावे लागते. मशीनच्या बिघाडाची खूण म्हणजे वर्तुळ. आम्ही सकाळी पहिला रुग्ण घेण्याआधी पाण्याने भरलेला गोल डबा, म्हणजे फँटम, टेबलावर ठेवून स्कॅन करतो आणि पाण्याचा आकडा शून्याजवळ येतो का ते पाहतो. एकदा त्या सपाट राखाडी चित्रात पैंजणासारखे एक बारीक कडे दिसले. डिटेक्टरचे एक घर चुकीचे मोजत होते. ते दुरुस्त होईपर्यंत आम्ही एकही रुग्ण आत घेतला नाही.

आपल्या वर्णनात यांपैकी काहीच नाही. सर्वत्र सारखे पसरलेले बारीक दाणे म्हणजे बेताच्या मात्रेत काढलेले नेहमीचे चित्र. मात्र दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर फिल्मसोबत स्कॅनची सीडीही मागून घ्या, कारण फिल्मवर विंडो एकदा छापली की बदलता येत नाही, आणि सीडीवरून ती बदलून, स्लाइस जाड-पातळ करून पाहता येते.