वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉपला वायफाय ॲडाप्टर घेताना

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. राऊटर सोप्यात आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत. मधे जांभ्या दगडाच्या दोन भिंती, अंतर तीसेक फूट. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. बेळगावात एका दुकानात नखाएवढा १५० चा डोंगल दाखवला, दुसऱ्यात १३०० चा. सध्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा तुटायलाय. कोणता घेऊ?

उत्तर : ते दोन्ही आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी मोबाइलवर चाचणी करा. राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन्ही बँडना (लहरींच्या पट्ट्यांना) वेगवेगळी नावं द्या. मग कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसा, दार रोज असतं तसंच ठेवा, मोबाइल डेटा बंद करा आणि एकेका नावाला जोडून तीन-तीनदा स्पीड टेस्ट घ्या. आकडे कागदावर लिहून ठेवा. ५ वर ४० एमबीपीएसच्या आसपास सलग मिळत असेल, तर बाहेर अँटेना असलेला ड्युअल बँड (दोन्ही बँडवर चालणारा) ॲडाप्टर तुमचं काम नक्की करेल. ५ चं नावच दिसत नसेल किंवा रेंजची एकच काडी येऊन-जाऊन असेल, तर कितीही महाग ॲडाप्टर घ्या, तो शेवटी २.४ वरच चालणार.

याचं कारण भिंत. जांभ्याची भिंत जाड असते, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना ती २.४ पेक्षा जास्त अडवते. त्यात पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे भिंतींनी ओल धरली की रेंज आणखी खाली येते. तुमच्याकडचा पाऊस बघता, मे महिन्यात घेतलेले आकडे जुलैत थोडे उतरतील असं धरूनच चाला.

आता बॉक्सवरचे आकडे. १५० म्हणजे एकाच अँटेनाचा, फक्त २.४ वर चालणारा ॲडाप्टर. तो आकडाही ४० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल (बँडमधला राऊटर वापरतो तो भाग) मिळाला तरच. बहुतेक घरांत चॅनेल २० चं असतं, तिथं तो ७२ वर येतो आणि हातात पडतात तीस-चाळीस. १३०० हा आकडा २.४ चे ४०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज वर ओढून केलेला असतो. ॲडाप्टर एका वेळी एकाच बँडवर चालतो, त्यामुळे ती बेरीज तुम्हाला कधीच मिळत नाही. पण तुमचा प्लॅन १०० चा आहे, म्हणून ८६७ ची चिंता नको. व्हिडिओ क्लासला तर ३-४ एमबीपीएस पुरतात. क्लास तुटतो तो बहुधा वेग कमी म्हणून नव्हे, तर सिग्नल कमजोर असल्यानं डेटा मधेमधे हरवतो म्हणून. तेव्हा ॲडाप्टरची अँटेना कुठं येते, याला पैसे मोजा.

नखाएवढा डोंगल कॅबिनेटच्या मागे लावला की त्याच्या एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला भिंत आणि भोवती वायरींचा गुंता. तेवढ्याशा अँटेनानं तिथून दोन भिंतींपलीकडचा राऊटर पकडायचा, ही अपेक्षाच जास्त आहे. तुमच्यासाठी आमची पसंती १३०० च्या वर्गातल्या, यूएसबी ३.० च्या आणि उभी अँटेना असलेल्या ॲडाप्टरला. सोबत एक मीटरची यूएसबी ३.० एक्स्टेन्शन केबल घ्या आणि ॲडाप्टर टेबलावर, राऊटरच्या बाजूला आणा. याचा आणखी एक फायदा आहे. यूएसबी ३.० चं पोर्ट आणि त्यात लावलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. डोंगल शेजारच्याच पोर्टात असला की फाइल कॉपी सुरू होताच वायफाय अडखळतं. मीटरभर लांब नेलं की हा त्रास बराच कमी होतो.

एक मात्र नक्की विचारात घ्या. कौलारू घरात वाशांच्या कडेनं राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत नेटवर्कची केबल नेणं सोपं असतं. पंधरा-वीस मीटर कॅट ६ केबल पीव्हीसी पाइपातून न्या, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत, आणि ती विजेच्या वायरीला खेटून नेऊ नका. केबल पूर्ण तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाकवताना लवकर तुटते. केबल नेता येत असेल तर ॲडाप्टर घेऊच नका.

प्रश्न : शहापूरला आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. एका कंपनीतून निघालेला स्लिम डेस्कटॉप घेतला आणि त्यासाठी ऑनलाइन वायफाय कार्ड मागवलं. कार्डाची पट्टी कॅबिनेटमध्ये बसत नाही. उघडं ठेवून लावून बघितलं तर वायफाय लागलं, पण ब्लूटूथ दिसत नाही.

उत्तर : कार्ड परत करायची घाई नको. उंच कॅबिनेटची पट्टी साधारण १२ सेंटिमीटरची असते, स्लिमची ८ ची. बऱ्याच कार्डांच्या बॉक्समध्ये छोटी पट्टी वेगळ्या पिशवीत असते, ती शोधा. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. अँटेना काढा, पट्टीचे स्क्रू सोडवा, छोटी पट्टी लावा आणि मगच स्क्रू आवळा. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबून बसवा. पीसीआय एक्स्प्रेसचं छोटं एक्स १ कार्ड लांब स्लॉटातही चालतं, त्यामुळे छोटा स्लॉट भरलेला असला तरी अडत नाही. जुन्या मशीनमधला पांढरा पीसीआय स्लॉट मात्र वेगळा, त्यात ते जाणार नाही, जोर लावू नका. अँटेना बोटांनीच फिरवून बसवा, पक्कड नको. दोन असतील तर दोन्ही लावा.

ब्लूटूथ न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कार्डाचं वायफाय स्लॉटमधून चालतं, पण ब्लूटूथला यूएसबीची जोडणी लागते. बॉक्समध्ये एक पातळ केबल असेल. तिचं एक टोक कार्डावर आणि दुसरं मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरवर लावायचं. पाच-पाचच्या दोन ओळी आणि एका कोपऱ्यात पिन गायब, अशी त्याची खूण. स्लिम मशीनमध्ये कधी कधी एकच हेडर असतो आणि तो पुढच्या पोर्टांनी अडवलेला असतो. तसं असेल तर पुढचे पोर्ट बंद करण्यापेक्षा वेगळा ब्लूटूथ डोंगल घेतलेला बरा.

मदरबोर्डवर वायफायसाठी एम.२ चा (छोट्या आडव्या कार्डाचा) रिकामा स्लॉट असेल आणि पुढे तिथं कार्ड घालायचं मनात असेल, तर नाव नीट वाचा. इंटेलचं एएक्स २१० एएमडीच्या मशीनवरही चालतं. एएक्स २०१ आणि एएक्स २११ मात्र त्या कार्डांची सोय असलेल्या इंटेलच्या मशीनवरच चालतात. दिसायला ती सारखीच असतात, म्हणून फसगत होते.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. नवा ॲडाप्टर लावला की ‘माय कॉम्प्युटर’मध्ये सीडी ड्राइव्हसारखं काहीतरी दिसतं आणि वायफाय येतच नाही. मशीनला सीडी ड्राइव्ह नाही, दुसरं नेटही नाही. विंडोज १० आहे.

उत्तर : ॲडाप्टर बिघडलेला नाही. काही ॲडाप्टर आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, कारण ड्रायव्हर (विंडोजला ॲडाप्टर चालवण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर) त्यांच्या पोटातच असतो. त्या सीडीवर डबल क्लिक करून सेटअप चालवा. संपल्यावर ॲडाप्टर काढून पुन्हा लावा, सीडी जाईल आणि वायफाय येईल.

सेटअप चालला नाही तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या, पण डेटाही नेणाऱ्या, केबलनं कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. फोनचं नेट लगेच मिळेल. मग विंडोज अपडेट चालवा किंवा उत्पादकाच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवा. उतरवण्याआधी ॲडाप्टरच्या पाठीवरचा बारीक अक्षरातला व्हर्जन आकडा वाचा. एकाच मॉडेलच्या व्ही १ आणि व्ही २ मध्ये चिप वेगळी असू शकते, आणि चिप चुकली की ड्रायव्हर बसत नाही. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे नवा ॲडाप्टर घेताना विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे ना, हेही बघा. विंडोज सोडून लिनक्सकडे जाणार असाल तर मीडियाटेकची एमटी ७६१२ यू किंवा एमटी ७९२१ एयू चिप असलेला शोधा. पुरेशा नव्या लिनक्समध्ये त्यांचा ड्रायव्हर आधीच असतो.

प्रश्न : वडगावात मागाची पत्र्याची शेड आहे, कॉम्प्युटर आत आणि राऊटर पलीकडच्या घरात. जास्त ताकदीचा ॲडाप्टर चालेल का?

उत्तर : नाही. पत्रा लहरी परत फिरवतो, तिथं ताकदीचा उपयोग नाही. घरातल्या राऊटरपासून शेडपर्यंत नेटवर्कची केबल ओढा. बाहेरून उघड्यावर जाणार असेल तर तांब्याच्या केबलऐवजी फायबर घ्या, म्हणजे वीज कोसळली तर तिचा धक्का तारेतून यंत्रापर्यंत येणार नाही. आत एक छोटा राऊटर ॲक्सेस पॉइंट (त्या केबलवरचं नेट वायफायनं देणारा) करून ठेवला की मोबाइललाही रेंज मिळेल.

प्रश्न : अथणीहून. ड्युअल बँड ॲडाप्टर घेतला, पण ५ चं नाव फक्त मोबाइलला दिसतं, कॉम्प्युटरला नाही.

उत्तर : राऊटरचं ५ चं चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ करा. काही ॲडाप्टर ५२ ते ६४ ही चॅनेल नीट पकडत नाहीत. नाव दिसतं पण जोडणी होत नाही असं असेल, तर राऊटरमधली वायफायची सुरक्षितता फक्त डब्ल्यूपीए ३ न ठेवता डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र करा. एवढं करूनही नाव दिसलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडाप्टरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड. तिथं ५ गिगाहर्ट्झ बंद केलेलं नाही ना, ते तपासा. त्या यादीत ५ चा उल्लेखच नसेल, तर बिल आणि बॉक्स घेऊन दुकानात जा, बहुधा सिंगल बँडचा माल हातात आला आहे.