वाचकांचे प्रश्न : ग्रांदेनंतर बोनेर

प्रश्न : गोव्यात ग्रांदे बेटाजवळ ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलं, बारा डाइव्ह झाल्या, सगळ्या बोटीवरून. आता कॅरिबियनमधल्या बोनेरला जातोय. तिथे किनाऱ्यावरूनच उतरतात म्हणे. काय सांभाळू? (म्हापसा)

उत्तर : आधी पाय सांभाळा. किनारा वाळूचा नाही, प्रवाळाच्या तुकड्यांचा आहे, शिवाय शेवाळाने निसरडा. बंद टाचेचे फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंखे) इथेच ठेवा. जाड तळव्याचे बूट आणि पट्ट्याचे फिन्स न्या. बीसीडीत (तरंगवणाऱ्या जॅकेटात) हवा भरून, फिन्स हातात धरून कमरेइतक्या पाण्यात चला, मग घाला. रस्त्याकडेचे पिवळे दगड म्हणजे डाइव्हच्या जागांच्या पाट्या.

जाताना प्रवाहाविरुद्ध पोहा. टाकीत २०० बार (हवेचा दाब) घेऊन उतरलात तर १२० ला वळा, ५० शिल्लक ठेवून वर या. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात खोली जाणवते. तिथे पाणी इतकं स्वच्छ, की गप्पा मारत तीस मीटर गाठाल. खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर बघत राहा. १९८४ मध्ये बुडालेलं हिल्मा हूकर जहाज सुमारे ३० मीटरवर, आडवं पडलं आहे. तुमची मर्यादा १८ मीटर, त्यामुळे अॅडव्हान्स्ड (पुढचा कोर्स) केल्याशिवाय त्याचा तळ नको.

हातमोजे घालायला बंदी आहे, आणि ती योग्यच. मोजे असले की लोक प्रवाळाला धरतात. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लायनफिश मुळात आपल्या बाजूच्या समुद्रांतला, तिकडे उपरा. काटे विषारी. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अवयव बुडवून डॉक्टर गाठा.

शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा.